रोजचे शास्त्रवाचन व त्याचे आचरण

अभ्यासाचा भाग: मत्तय, अध्याय ५, ६ व ७. सोबत वाचावे: प्रेषितांची कृत्ये ८:२६–४०, याकोब १:२२–२५.



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पवित्र शास्त्राचे पुस्तक नाही असे घर क्वचितच सापडेल. कोठे ते स्वच्छ फडक्यात बांधून फळीवर ठेविलेले असते, कोठे पेटीत लग्नाच्या लुगड्याखाली जपून ठेविलेले असते, तर कोठे फक्त प्रभुवारी काखेत मारून उपासनेस नेण्यापुरतेच खाली काढिले जाते. पुस्तकाचा मान राखणे चांगलेच आहे. परंतु मान राखणे निराळे आणि त्याचे ऐकणे निराळे. परगावी असलेल्या बापाचे पत्र आले, मुलाने ते डोळ्यांस लाविले, देवळीत ठेविले आणि आत काय लिहिले आहे हे पाहिलेच नाही, तर त्याला बापाची चाड आहे असे कोण म्हणेल?

ह्याच्या उलट दुसरीही एक अडचण आहे. काही बंधू रोज नेमाने वाचतात. एक अध्याय, कधी दोन अध्यायही वाचतात. परंतु पुस्तक मिटल्यावर पाच मिनिटांनी विचारावे की, आज काय वाचले, तर त्यांस सांगता येत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांच्या घरी पोथी वाचली जात असे, आणि ती वाचल्याने, किंबहुना नुसती कानांवर पडल्यानेही पुण्य पदरी पडते, अशी कित्येकांची समजूत होती. ती समजूत बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर वाहून जातेच असे नाही. पुस्तक बदलते, पण वाचण्याची रीत तीच राहते.

म्हणून ह्या पाठात आम्हांस मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. ती ही की, शास्त्र रोज थोडे वाचावे, आणि जे वाचले त्यातील निदान एक गोष्ट त्याच दिवशी पाळावी.

१. रेल्वेतील एक वाचक

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे नाव आपल्यापैकी कोणास परके नाही. त्यांची भजने आपण लहानपणापासून म्हणत आलो आहो. परंतु ह्या थोर कवीच्या आयुष्याला जे वळण लागले त्याचा आरंभ आपल्या नागपूरकडच्या रेल्वेत झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.

टिळक मूळचे कोकणातील करजगावचे. पुढे ते नागपुरास आले आणि येथील श्रीमंत गृहस्थ आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने राहून संस्कृत ग्रंथांचे काम करू लागले. धर्माविषयी त्यांच्या मनात मोठी तळमळ होती. ‘ऋषि’ नावाचे धर्मविषयक मासिकही त्यांनी चालविले. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे जावयास निघाले असता गाडीत एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. दोघांचे काव्याविषयी बोलणे झाले, मग धर्माविषयी झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली, आणि तुम्ही हे पुस्तक मनापासून अभ्यासाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांस ते बोलणे फारसे पटले नाही. तथापि त्या माणसाच्या सौजन्यासाठी त्यांनी पुस्तक वाचण्याचे वचन दिले.

ते वचन त्यांनी पाळिले. हाती पेन्सिल घेऊन, महत्त्वाच्या जागी खुणा करीत, ते विद्यार्थ्यासारखे वाचू लागले. वाचता वाचता ते मत्तयाच्या ५ व्या अध्यायास, म्हणजे डोंगरावरील प्रवचनास येऊन पोहोचले, आणि तेथे त्यांचे पाऊल अडले. ज्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी मोठमोठ्या ग्रंथांत शोधिली होती, ती ह्या तीन अध्यायांत आपणांस सापडत आहेत, असे त्यांस वाटू लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांचे भाकीत खरे ठरले.

आता ह्या गोष्टीतून आपण काय घ्यावयाचे? आपल्या दृष्टीने तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत.

पहिला हा की, टिळकांनी आरंभी विश्वास ठेवण्याचे वचन दिले नव्हते. केवळ वाचण्याचे दिले होते. एवढे लहान वचन त्यांनी प्रामाणिकपणे पाळिले आणि देवाने तेवढ्यावरूनच पुढचे कार्य केले. ज्यास वाटते की, माझा विश्वास फार दुबळा आहे, मी काय मनन करणार, त्याने हे ध्यानात ठेवावे.

दुसरा हा की, जेथे वचनाने त्यांस अडविले तेथे ते थांबले. प्रेषितांच्या कृत्यांच्या ८ व्या अध्यायात कूश देशच्या राणीचा अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत चालला आहे. फिलिप्पाने त्याला विचारिले की, वाचता ते उमजते काय? त्याने मोठेपणा मिरविला नाही. कोणी समजावून सांगितल्यावाचून कसे उमजेल, असे तो बोलला आणि फिलिप्पाला आपल्याजवळ बसवून घेतले. ज्या ओवीवर तो अडला होता त्याच ओवीपासून फिलिप्पाने आरंभ केला. अडणे ही लाज नव्हे. जेथे आपण अडतो तेथेच पुष्कळदा प्रभू आपणांशी बोलू इच्छितो.

तिसरा मुद्दा सर्वांत कठीण. टिळकांचे वाचन पुस्तकात राहिले नाही. बाप्तिस्म्यानंतर आप्तस्वकीय तुटले, आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई व मूल ही काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिली. लक्ष्मीबाईंचे त्या काळातील दुःख काय होते हे त्यांनी पुढे आपल्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात मोकळेपणाने लिहून ठेविले आहे. तेव्हा शास्त्रवाचन हे निर्भय बसून करण्याचे काम आहे असे कोणी समजू नये. जो मनापासून वाचतो त्याच्याकडे ते पुस्तक काही मागते.

२. पुस्तक आपल्या बोलीत

टिळकांच्या हाती जे पुस्तक सहज आले ते आपल्या देशात सहज आलेले नाही. १८११ साली बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरी व त्यांचे पंडित ह्यांनी मराठीतील नवा करार छापून काढिला. तेव्हा मराठी गद्य छापण्याची प्रथाच बाल्यावस्थेत होती. १८४५ साली स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले. त्यांनी आपल्या भागातील लोकांमध्ये शाळा व उपदेश ह्यांचे काम केले, गोंड लोकांची गाणी व रीतिरिवाज टिपून ठेविले, आणि १८६३ साली दौऱ्यावरून परत येत असता पावसाने फुगलेल्या नाल्यात त्यांचा अंत झाला. पुढे १८८३ साली सुरू झालेले नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांचेच नाव चालवीत आहे.

आणि पंडिता रमाबाई! ज्या बाईस संस्कृत विद्येसाठी सरस्वती ही पदवी मिळाली, तिने आयुष्याची अखेरची वर्षे कशात घालविली? केडगावच्या मुक्तिसदनात राहून तिने इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास केला, आणि अशिक्षित बायाबापड्यांस कळावे म्हणून सोप्या मराठीत सबंध शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो मुक्तिसदनातच, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापला गेला.

विचार करा. शेतात निंदण करणारी, वेचणीस जाणारी बाई देवाचे वचन समजून घेऊ शकते आणि तिने ते समजून घ्यावे, असा विश्वास रमाबाईंस नसता तर एवढ्या विद्वान स्त्रीने एवढे श्रम कशासाठी केले असते? मग आपणच असे म्हणावे काय की, मनन करणे हे पाळकाचे व उपदेशकाचे काम, आम्हां अडाण्यांचे नव्हे?

३. रोजची रीत

आता प्रत्यक्ष कसे करावे ते सांगतो. आपण शेतकरी माणसे. म्हणून शेतीच्याच शब्दांत सांगू.

प्रथम वखरणी. वाचण्यापूर्वी क्षणभर शांत बसावे आणि प्रार्थना करावी की, प्रभो, तू बोल, तुझ्या दासाचे कान उघड. लहान शमुवेल मंदिरात असेच म्हणाला होता. ज्या जमिनीवर वखर फिरला नाही तिच्यावर टाकिलेले बी पाखरे नेतात.

दुसरी पेरणी. चार ओव्या वाचाव्या, अधिक नको. त्या दोनदा वाचाव्या, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने वाचाव्या, म्हणजे घरातील मुलेमाणसेही ऐकतील. मग स्वतःस तीन प्रश्न विचारावे: ह्यात देवाविषयी काय सांगितले आहे? माणसाविषयी काय सांगितले आहे? आणि आज, म्हणजे आजच्याच दिवशी, मला ह्यातील काय करावयाचे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘प्रीती करावी’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणावर, कोठे व कशी, हे सांगता आले पाहिजे.

तिसरी डवरणी. पेरून घरी बसणाऱ्याच्या शेतात तणच माजते. दुपारी न्याहारीस बसला असता, बैल सावलीस सोडिले असता, किंवा बाजारच्या वाटेने चालत असता सकाळची ओवी पुन्हा आठवावी. ह्यास पुस्तक लागत नाही, वेळ लागत नाही. पहिल्या स्तोत्रात ज्या धन्य मनुष्याचे वर्णन आहे तो रात्रंदिवस मनन करितो. परंतु तो रात्रंदिवस पुस्तक घेऊन बसतो असे तेथे म्हटलेले नाही.

चौथी कापणी. रात्री निजण्यापूर्वी देवापुढे हिशेब द्यावा. सकाळी जे करावयाचे ठरले ते झाले काय? झाले असेल तर उपकार मानावे. झाले नसेल तर क्षमा मागावी आणि उद्या तेच पुन्हा हाती घ्यावे. पुढची ओवी वाचण्याची घाई करू नये.

याकोबाने आपल्या पत्राच्या १ ल्या अध्यायात आरशाचा दृष्टांत दिला आहे. केवळ ऐकणारा मनुष्य आरशात तोंड पाहून निघून जातो आणि आपण कसे होतो हे विसरतो. तोंडास काळे लागलेले दिसले तर शहाणा माणूस ते पुसतो. रोज आरसा पाहावा आणि काळे तसेच राहू द्यावे, ह्यात आरशाचा काय दोष?

४. दार कोठे लावावे?

मत्तयाच्या ६ व्या अध्यायाच्या ६ व्या ओवीत प्रभूने शिकविले आहे की, प्रार्थना करणाऱ्याने आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावे आणि गुप्त असणाऱ्या पित्याची प्रार्थना करावी. हे ऐकून पुष्कळजण म्हणतात, आमचे घर एका खणाचे. चूल तेथेच, मुले तेथेच, म्हातारी आई तेथेच खाटेवर. आम्ही दार कोणते लावावे?

बंधूंनो, हे वचन ज्याच्या मुखातून निघाले त्याला स्वतःचे घर नव्हते. मार्काच्या १ ल्या अध्यायाच्या ३५ व्या ओवीत आपण वाचतो की, तो मोठ्या पहाटे उठून अरण्यात गेला आणि तेथे त्याने प्रार्थना केली. रान हीच त्याची खोली, आणि अंधार हेच तिचे दार. आपल्या गावीही कडुनिंबाचे झाड आहे, शेताचा धुरा आहे, विहिरीची वाट आहे. जात्याच्या जागी आता पिठाची गिरणी आली आहे, पण पहाटे चूल पेटविण्यापूर्वीचा घटकाभराचा वेळ अजून कोणी नेलेला नाही. लोकांनी आपणांस धार्मिक म्हणावे ही इच्छा बाहेर ठेवून देवाजवळ जाणे, हेच ते दार लावणे.

कौटुंबिक उपासना ह्याहून निराळी आहे, आणि तीही पाहिजे. सायंकाळी जेवणापूर्वी सर्वांनी मिळून एक भजन, चार ओव्या आणि लहानशी प्रार्थना, एवढे झाले तरी पुरे. प्रार्थना लांबवून मुलांस पेंग आणू नये. प्रभूने शिकविलेली प्रार्थना किती आटोपशीर आहे ते पाहा.

५. पंगत, पाणी आणि बांध

आता ज्यासाठी आम्ही हा सर्व पाठ लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे येतो. आपण रोज वाचतो की नाही हे शेजाऱ्यांस कळत नाही. आपण कसे वागतो हे मात्र साऱ्या गावास कळते.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट पाहा. त्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पतीकडे परत आल्यावरही पुष्कळ दिवस त्यांनी आपले जातीचे नियम सोडिले नाहीत, आणि टिळकांनीही त्यांच्यावर बळजोरी केली नाही. मग त्यांच्या मनात एक साधा विचार आला: हा भेद देवाने केला आहे की माणसाने? त्या विचाराशी त्या प्रामाणिक राहिल्या. उत्तर सापडताच, आता कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही, असे त्यांनी ठरविले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु ताटातील व तांब्यातील भेद त्याच्या आधीच गळून पडला होता. ज्यास आपण मनन म्हणतो ते ह्याहून निराळे काय आहे? एक विचार देवापुढे धरावयाचा आणि तो जेथे नेईल तेथे जावयाचे.

आणि आमच्या मंडळ्यांत काय आहे? आम्ही एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतो. परंतु लग्नकार्यात पंगती निरनिराळ्या बसल्याचे, सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारल्याचे काय कोणी कधी पाहिले नाही? ज्याने जातीचा चटका स्वतः सोसिला त्यानेच आपल्याहून खालचा मानिलेल्या भावास तोच चटका द्यावा, ह्याहून वाईट काय? सकाळी डोंगरावरील प्रवचन वाचून दुपारी असे करणाऱ्याने ते वाचले असे आम्ही म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट बांधाची. दोन भावांत वाटणी झाली, मधला बांध हातभर इकडे की तिकडे, ह्यावरून बोलणे बंद झाले. दोघेही मंडळीत येतात. एक ह्या भिंतीशी बसतो, दुसरा त्या भिंतीशी. मत्तयाच्या ५ व्या अध्यायाच्या २३ व २४ ह्या ओव्यांत प्रभूने काय सांगितले आहे? अर्पण घेऊन वेदीजवळ आलेल्या मनुष्यास जर आठवले की, आपल्या भावाच्या मनात आपणांविषयी काही आहे, तर त्याने अर्पण तेथेच ठेवून प्रथम भावाकडे जावे. येथे चूक कोणाची होती हे प्रभूने विचारिलेले नाही. ज्यास आठवले त्याने जावे.

हे आपल्याच्याने होणार नाही, असे कोणी म्हणेल. तर त्याने ह्या नागपूर शहराकडे पाहावे. उत्तर हिंदुस्थानातील निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्यांनी एक होण्याची बोलणी १९२९ साली सुरू केली. चाळीस वर्षांवर ती चालली. कोणाची बाप्तिस्म्याची रीत निराळी, कोणाची पाळक नेमण्याची रीत निराळी. प्रत्येकास आपली रीत प्रिय. तरी शेवटी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एक मंडळी स्थापन झाली. एवढे मोठे बांध मोडता येतात, तर हातभर बांधासाठी दोन भावांनी जन्मभर अबोला धरावा काय?

६. ज्यांस वाचता येत नाही त्यांस, व उपदेशकांस

ज्यांस वाचता येत नाही त्यांनी आपण वगळले गेलो असे समजू नये. प्रभूने डोंगरावर प्रवचन केले तेव्हा ऐकणाऱ्यांच्या हाती पुस्तक नव्हते. त्यांनी कानांनी ऐकिले आणि मनात साठविले. घरातील शाळेत जाणाऱ्या मुलास चार ओव्या वाचावयास सांगावे. त्याचेही वाचन होईल आणि आजीचेही मनन होईल. आज कित्येकांच्या मोबाईलवर मराठी शास्त्र ऐकावयासही मिळते. त्याचा उपयोग करावा. ज्या आयाबायांस शेकडो ओव्या जात्यावर तोंडपाठ होत्या त्यांच्या लेकीसुनांस आठवड्याला शास्त्राची एक ओवी पाठ करणे कठीण नाही.

उपदेशक बंधूंस दोन शब्द प्रेमाने सांगावयाचे आहेत. आपले काम असे आहे की, शास्त्र रोज हाती असते; आणि त्यातच आपला धोका आहे. आपण पुष्कळदा दुसऱ्यांसाठी वाचतो: ह्यावर प्रभुवारी काय बोलता येईल, अमक्यास हे कसे लागू पडेल. जो वाढपी पंगतभर वाढीत फिरतो आणि स्वतः जेवत नाही, तो थोड्याच दिवसांत गळून पडतो. म्हणून उपदेशकाने दिवसातून एकदा तरी कोणासही सांगावयाचे नाही अशा हेतूने चार ओव्या वाचाव्या. आणि घरोघर जाता तेव्हा ‘वाचन होते काय?’ असे विचारू नये. त्यास सर्वजण होय म्हणतात. ‘ह्या आठवड्यात कोणत्या ओवीने तुम्हांस अडविले?’ असे विचारावे, आणि प्रथम आपले स्वतःचे उत्तर सांगावे. पाळकाने अधिकाऱ्यासारखी झडती घेतली की लोक लपवावयास शिकतात. सोबत्यासारखे बोलले की उघड करितात.

७. चार आठवड्यांचा क्रम

ज्या तीन अध्यायांनी टिळकांस अडविले तेच आपण ह्या महिन्यात घ्यावे. ५ व्या अध्यायात ४८, ६ व्यात ३४ आणि ७ व्यात २९, अशा सर्व मिळून १११ ओव्या होतात. रोज चार घेतल्या तर बरोबर २८ दिवस लागतात, आणि शेवटल्या दिवशी तीनच उरतात. आरंभ प्रभुवारी करावा.

पहिला आठवडा: ५:१ पासून ५:२८ पर्यंत. बुधवारी मीठ व प्रकाश ह्यांचे वचन येईल. शुक्रवारी भावाशी समेट करण्याचे वचन येईल. प्रभुवारच्या उपासनेस अजून एक दिवस मध्ये असेल. ज्यास कोणाकडे जावयाचे आहे त्याने तो दिवस दवडू नये.

दुसरा आठवडा: ५:२९ पासून ६:८ पर्यंत. बुधवारी वैऱ्यांवर प्रीती करण्याची आज्ञा आहे. शुक्रवारी गुप्त दानधर्म, आणि शनिवारी दार लावून करावयाची प्रार्थना.

तिसरा आठवडा: ६:९ पासून ७:२ पर्यंत. प्रभुवारीच प्रभूची प्रार्थना येते. बुधवारी दोन धन्यांचे वचन आहे. सावकाराचे कर्ज, दारूची बाटली, जुगार ह्यांपैकी कोणी आपला दुसरा धनी झाला आहे काय, हे त्या दिवशी पाहावे. गुरुवारी आकाशातील पाखरांविषयीचे वचन आहे. पाऊस लांबला आणि पेरलेले बी वाया गेले असता हे वचन वाचणे कठीण जाते, हे आम्ही जाणतो. परंतु ते तशाच दिवसांसाठी दिलेले आहे.

चौथा आठवडा: ७:३ पासून ७:२९ पर्यंत. शुक्रवारी व शनिवारी दोन घरांचा दृष्टांत येतो.

ह्या शेवटल्या दृष्टांताविषयी थोडे सांगतो. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीत राहणाऱ्यांस तो कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरच पाया घातला तर दोन-चार पावसाळ्यांत भिंतीस तडा जातो. म्हणून जाणता गवंडी खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणावयास सांगतो. त्यास श्रम पडतात, खर्च पडतो, आणि खणलेले पुढे कोणास दिसतही नाही. दोन्ही घरे वरून सारखीच दिसतात. प्रभूने म्हटले आहे की, त्याची वचने ऐकून त्यांप्रमाणे वागणारा तो पहिल्या घराचा धनी, आणि ऐकून न वागणारा तो दुसऱ्याचा. दोघांनीही ऐकिले होते, हे विसरू नये. रोजचे वाचन, मनन व गुप्त प्रार्थना हे ते खणणे आहे. परंतु पाया भरला जातो तो पाळण्याने.

विचारावयाचे प्रश्न

१. टिळकांनी रेल्वेतील गृहस्थास कोणते वचन दिले व ते कसे पाळिले?
२. आपल्या घरात शास्त्र केव्हा वाचले जाते? ती वेळ सर्वांस सोयीची आहे काय?
३. याकोबाच्या आरशाचा दृष्टांत आपल्या शब्दांत सांगा.
४. एका खोलीच्या घरात दार लावून प्रार्थना कशी करावी?
५. मत्तय ५:२३, २४ प्रमाणे ह्या आठवड्यात तुम्हांस कोणाकडे जावयाचे आहे? ह्याचे उत्तर वर्गात मोठ्याने सांगू नये. देवापुढे सांगावे, आणि मग जावे.

प्रार्थना

हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू आपले वचन आमच्या बोलीत आम्हांस दिलेस, ह्याबद्दल तुझे उपकार मानितो. आम्ही ते पुष्कळ ऐकिले, थोडे पाळिले. आज जेवढे कळेल तेवढे आज करण्याचे बळ दे. ज्याच्याशी आमचे बोलणे बंद आहे त्याच्या दाराकडे आमची पावले वळीव. आमच्या पंगतीत, आमच्या विहिरीवर व आमच्या धुऱ्यावर तुझ्या पुत्राचे राज्य येवो. त्याच्याच नावाने मागतो. आमेन.